पाहुणीचं बीकन

सौमित्रचा मला राग यायचा तो त्याच्या चांगुलपणामुळे. माझ्या धाकट्या बहिणीचा, अपूर्वाचा, नवरा म्हणून तो आमच्या घरात आला तेव्हापासून त्याने कधी शेवटची पोळी घेतली नाही, कधी खिडकीजवळची जागा धरली नाही, कधी "मला हे आवडत नाही" म्हटलं नाही. जावयाने थोडे तरी नखरे करावेत आणि सासरच्यांनी त्यावरून मागे कुजबुजावं, एवढी साधी अपेक्षा असते. याच्याबद्दल कुजबुजायला काही मिळायचंच नाही. मी पुण्यात दहावीच्या मुलांना गणित शिकवणारी, तोंडावर बोलून मोकळी होणारी बाई. मला अशी माणसं झेपत नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही आणि आपण मात्र सारखे ओशाळे होत राहतो.

तो ओसाकाच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक होता, अपूर्वा तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोघांना गेल्या काही हिवाळ्यांत स्की टूरिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे लिफ्टने वर जाऊन घसरत खाली यायचं, ते नव्हे. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, म्हणजे ती मागे घसरत नाही, आणि आपल्या पायांनी डोंगर चढायचा. वर पोचलं की पट्टी काढायची आणि कुणीही न तुडवलेल्या बर्फावरून उतरायचं. मी औलीला दोनदा स्कीइंगचा कोर्स केलेला, सह्याद्रीतही हिंडलेली. त्याने हे धरून ठेवलं आणि फोन आला की पालुपद सुरू: "ताई, तुम्ही इथले आल्प्स बघायलाच हवेत." जपानमधल्या डोंगरांनाही आल्प्स म्हणतात हे मला त्याच्याकडूनच कळलं.

फेब्रुवारीत गेले. हाकुबाजवळच्या एका गावात त्यांनी लॉज घेतलं होतं. आधीचे दिवस त्याने मला सोप्या उतारांवर घोळवलं. संध्याकाळी नकाशे पसरून बसायचा. कुठला रस्ता नवख्या पाहुण्यांना झेपेल, कुठल्या उतारावर बर्फ निसटतो, कुठे झाडी दाट म्हणून धोका कमी, सगळं पेन्सिलीने दाखवायचा. शेवटी त्याने निवडलेला रस्ता इतका बेताचा होता की मी म्हटलं, "अरे, मी काय साठीची आहे का?" तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही मजेत परत आलात म्हणजे मला बक्षीस मिळालं." असलं काही बोलला की मी चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात जायची.

लॉजच्या अंगणात त्याने मला बर्फात गाडलेला माणूस कसा शोधायचा तेही शिकवलं. छातीला बांधायचं एक यंत्र असतं, बीकन. मोबाइलपेक्षा जरा जाड. ते सारखं सिग्नल पाठवत राहतं. कुणी बर्फाखाली गेला की वर राहिलेल्यांनी आपापल्या यंत्राचं बटण सरकवायचं, म्हणजे ते पाठवणं थांबवून शोधायला लागतं. बाण दाखवतं, अंतराचा आकडा दाखवतं. आकडा सगळ्यात कमी होईल तिथे लांब काठी खुपसायची. काठीला माणूस लागला की ती जरा उसळते. मग फावडं. त्याने स्वतःची सॅक पुरून ठेवली आणि माझ्याकडून ती शोधून घेतली. "पण लवकर व्हायला हवं," तो म्हणाला. "बर्फाखाली हवा फार थोडा वेळ पुरते."

दोघांची आपापली बीकनं होती. माझ्यासाठी तिसरं आणलं होतं, ते एका मित्राने भारतात परतताना देऊन टाकलेलं, जुनं. निघायच्या सकाळी गाडीतळावर मी बुटांचे क्लिप लावत वाकले होते. लावले की सुटत होते आणि मी जपानी बूटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तेवढ्यात सौमित्र आला. "ताई, तुमचं बीकन जरा बघू? पट्टा नीट बसला नाहीये." त्याने माझ्या छातीवरचं काढलं, गाडीमागे गेला, परत येऊन बांधलं आणि वर जॅकेटची चेन ओढून दिली. मी मान वर करूनही पाहिलं नाही. नंतर तिघांनी एकमेकांची यंत्रं तपासली. तिन्ही बोलली. आम्ही निघालो.

वर चढताना फार सुंदर होतं, ते खोटं कशाला सांगू. पांढऱ्या खोडांची झाडं, त्यांच्यामधून वर जाणारी आमची एकच वाट, दमले की गावातल्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, घेतलेले ओनिगिरी, भाताचे मूद. झाडी संपली तिथे एक उघडा पट्टा लागला. तो ओलांडला की पलीकडे पुन्हा झाडं. सौमित्र थांबला. काठीने बर्फ टोचून पाहिला, वर बघितलं. "एकेक करून जाऊ. आधी मी. मी पलीकडे पोचलो की ताई, मग अपू. मी हात केल्याशिवाय निघू नका."

तो अर्ध्यावर गेला असेल. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी सोफ्यावर धपकन बसावं तेवढाच. त्याच्या वर एक रेघ उमटली आणि रेघेखालचं सगळं चालायला लागलं. त्याने आमच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं, काय ओरडला ते ऐकू आलं नाही. एक क्षण त्याची निळी टोपी दिसली, मग नुसता धुरळा, आणि धुरळा बसल्यावर खाली ढेकळांचा एक मोठा ढिगारा. त्यात निळं काही नव्हतं.

अपूर्वा किंचाळली नाही. फोन काढून तिने पोलिसांचा नंबर लावला, जपानीत भराभर बोलली. पलीकडचा माणूस शांतपणे, नम्रपणे एकेक विचारत होता. तिने नाव सांगितलं, डोंगर सांगितला, झाडीची खूण सांगितली. त्याने पुन्हा नाव विचारलं असावं, कारण तिने ते पुन्हा सांगितलं. जपानी येत नसूनही त्या आवाजातलं आर्जव मला कळत होतं आणि फोन हिसकावून त्याला मराठीत दोन शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. ढग उतरले होते. हेलिकॉप्टर येणार नव्हतं. माणसं स्कीवरून येतील, म्हणाले. तोवर आम्ही दोघी.

"ताई, खाली! शोधायचंय!"

मी उतरले कशी ते आठवत नाही. ढिगाऱ्याच्या कडेला पोचले आणि तशीच उभी राहिले. समोर अपूर्वा बीकन पुढे धरून आडवी-तिडवी जात होती. अचानक ती ओरडली, "आला! सिग्नल आला, ताई!" तिचा तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, रिझल्ट हातात आल्यावरचा. ती धावायला लागली, धडपडली, उठली, पुन्हा धावली. "तीस... बावीस... सौमित्र, आले रे! चौदा..." डोळे यंत्रावर. ती माझ्याच दिशेने येत होती. मी वेडीसारखी माझ्या पायाखालचा बर्फ हातांनी उकरायला लागले. "तीन," ती म्हणाली आणि समोर येऊन थांबली. यंत्र माझ्या छातीला लागलं.

मी माझं बटण सरकवलंच नव्हतं.

तिने माझ्या थोबाडीत मारली. धाकट्या बहिणीने मला पहिल्यांदा मारलं आणि बरोबर मारलं. मी जॅकेटची चेन ओढली, बीकन बाहेर काढलं, बटण सरकवायला उलटं केलं. मागे पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर काळ्या पेनाने मराठीत लिहिलं होतं: सौमित्र.

गाडीमागे गेला होता तो. पट्टा नीट बसला नाहीये म्हणाला होता. जुन्या यंत्राचा त्याला भरवसा वाटला नसणार, आणि पाहुण्या बाईच्या गळ्यात ते घालायचं कसं, म्हणून स्वतःच्या गळ्यात घातलं. फुटक्या कानाचा कप जसा आपल्याकडे ओढून घ्यायचा, अगदी तसं. मला संताप आला. त्या ढिगाऱ्यावर उभं राहून मी त्याला मोठ्याने "मूर्खा!" म्हणून हाक मारली.

बटण सरकवलं. बाण नाही, आकडा नाही. अपूर्वाच्या यंत्रावरही आता काही नव्हतं. ती खाली गेली, वर आली. "यायला हवा. ताई, यायला हवा सिग्नल. त्याचं तर नवीन आहे, याच सीझनला घेतलंय." ती यंत्र झटकत होती, कानाला लावत होती. तिला असंच फिरू दिलं तर ती फिरत राहणार आणि तो खाली गुदमरणार, हे मला दिसत होतं.

"अपू, त्याचं इथे आहे," मी म्हटलं आणि चिकटपट्टी तिच्यापुढे धरली. "सकाळी बदललं त्याने. जुनं त्याच्याकडे आहे. ते बंद पडलं असणार."

तिने नाव वाचलं. मग माझ्याकडे जे पाहिलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

"तू घेतलंसच का?"

"मला माहीत नव्हतं गं."

"सगळं माहीत असतं तुला! एवढंच कसं नव्हतं माहीत?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुझ्यामुळे गेला तो, तर मी काय करू?"

तिने सॅकमधून काठी काढली, झटक्यात जोडली, मीही माझी जोडली. तो दिसेनासा झाला तिथून खाली सरळ रेषेत जायचं ठरवलं. मोठी ढेकळं जिथे साठली होती तिथे, झाडाच्या बुंध्यांच्या वरच्या अंगाला, जिथे वाहत आलेलं अडकतं तिथे. खुपसायचं, काढायचं, पाऊल सरकवायचं, खुपसायचं. मघाशी कापसासारखा होता तो बर्फ आता सिमेंटसारखा बसला होता. काठी आत जाताना कुरकुरत होती. प्रत्येक वेळी ती खाली टेकली की मी पुन्हा दाबून बघायची आणि प्रत्येक वेळी ती जमीनच असायची.

मी देव-देव करणारी नाही. त्या वेळी केलं. गणपतीपासून सुरू करून ज्यांची नावं आठवली त्या सगळ्यांना विनवलं, आणि कुणी ऐकेना तेव्हा सौमित्रलाच विनवलं. म्हटलं, बाबा रे, एकदा तरी स्वार्थी हो. हात वर कर. ओरड. आम्हाला त्रास दे. तू आयुष्यात कुणाला त्रास दिला नाहीस, आता दे.

अपूर्वाला हातमोजा सापडला. रिकामा. तिने तो छातीशी धरला, लगेच दातांत धरला आणि दोन्ही हातांनी काठी चालवायला लागली. मोज्याच्या वरच्या बाजूला काही नाही, खालच्या बाजूला काही नाही. मग एका झाडाशी माझी काठी आत गेली आणि थांबली. टणक नाही. जरा उसळली. मी पुन्हा दाबली. पुन्हा उसळली.

"अपू!"

आम्ही खणलं. मी खोदत होते, ती उपसत होती, मग उलट. फावडं हातांना लागून कातडी निघाली, कळलंही नाही. आधी सॅक लागली. तिचा पट्टा धरून अंदाजाने डोक्याकडे वळलो. निळी टोपी दिसली. अपूर्वा फावडं टाकून नखांनी उकरायला लागली. चेहरा मोकळा झाला. तोंडाभोवती बर्फाची पातळ काच झाली होती, त्याच्याच श्वासाची. तो किती तरी वेळ श्वास घेत होता, याचा तो पुरावा होता.

मी ती काच फोडली, तोंडातला बर्फ बोटाने काढला आणि श्वास फुंकला. शाळेत प्रथमोपचाराचं शिबिर दर वर्षी मीच घेते. मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगते, घाबरायचं नाही, मोजत राहायचं. मी मोजत राहिले. त्याची छाती माझ्या श्वासाने उचलली जायची आणि खाली बसायची, आणि दर वेळी वाटायचं, आता ही स्वतःहून वर येईल. अपूर्वा छाती दाबत होती आणि त्याच्याशी बोलत होती. घरातलंच बोलत होती. उद्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा दिवस आहे म्हणाली. तुझ्या आईंना रविवारी फोन करायचाय म्हणाली. ऊठ ना रे, म्हणाली. एकदा त्याचा गळा हलल्यासारखा वाटला. आम्ही दोघी थांबलो, कान लावला. काही नव्हतं. पुन्हा सुरू केलं.

ती माणसं झाडीतून वर आली तेव्हाही आम्ही तेच करत होतो. पाच-सहा जण, लाल जॅकेट. त्यांनी आम्हाला हळूच बाजूला केलं आणि काम हातात घेतलं. झटपट, न बोलता, एकमेकांना अडथळा न करता. मी बर्फात बसून राहिले. अपूर्वा त्याच्या पायाशी बसली, त्याचा एक बूट मांडीवर घेऊन. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने दुसऱ्याकडे पाहिलं, आणि दाबणारे हात थांबले.

"डॉक्टरनी सांगेपर्यंत हे लोक गेला म्हणत नाहीत," अपूर्वा म्हणाली. माझ्याकडे न बघता. "पण गेला, ताई."

त्यांनी त्याला गुंडाळलं. पट्टे आवळायला लागले. तेवढ्यात एक तरुण माणूस हातात बीकन घेऊन ढिगाऱ्यावरून फिरत आला, अजून कुणी खाली नाही ना बघायला, आणि त्याचं यंत्र माझ्याकडे वळून वाजायला लागलं. श्वास फुंकताना कधी तरी माझं बटण मागे सरकलं असणार. माझ्या छातीवरचं यंत्र पुन्हा सिग्नल पाठवत होतं. त्याने अपूर्वाला काही विचारलं. वयस्कर माणूसही जवळ आला, त्यानेही विचारलं. अपूर्वा उठून उभी राहिली, हातातला बूट हलकेच खाली ठेवला आणि सावकाश, नीट, लांबलचक काही सांगितलं. दोघांनी ऐकलं. मग माझ्याकडे वळून कमरेत वाकले.

"काय विचारलं त्यांनी?"

"हे बीकन कुणाचं. तुझंच म्हटलं."

"अगं, पण..."

"आणि त्याच्याकडचं बंद कसं पडलं विचारलं. म्हटलं, त्याचं स्वतःचंच होतं. जुनं झालं होतं, बदलू बदलू म्हणत राहून गेलं." तिचे ओठ निळे पडले होते, पण आवाज ठाम होता. "आईंनाही हेच सांगणार आहे मी. नाही तर त्यांना एकुलत्या एका मुलाच्या जागी आयुष्यभर तू दिसत राहशील. तूही हेच सांगायचंस."

"मी नाही सांगणार. अपू, मघाशी तू जे म्हणालीस..."

"मघाशी म्हणाले ते विसर."

"कसं विसरू? त्याने काय केलं ते कुणाला कळणारच नाही मग. निष्काळजी होता म्हणतील त्याला. खरं सांग त्यांना. आत्ता सांग."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुला येतं का जपानी? सांग तू."

मी उठले. गळ्यातून पट्टा काढला आणि त्या वयस्कर माणसापुढे गेले. यंत्र दाखवलं, पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या सौमित्रकडे बोट केलं. "हिज," मी म्हटलं. "नॉट माइन. हिज." तो समजुतीने मान हलवत राहिला. मी यंत्र उलटं केलं, चिकटपट्टीवर बोट ठेवलं, एकेक अक्षर दाखवत मोठ्याने वाचलं. सौ-मि-त्र. त्याने त्या अक्षरांकडे पाहिलं, माझ्या रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं. त्या डोंगरावर ती अक्षरं वाचू शकणाऱ्या आम्ही दोघीच होतो आणि अपूर्वाने तोंड फिरवलं होतं.

मी नाही नाही अशी मान हलवत होते. त्याला वाटलं असेल, दुःखाने हलतेय. त्याने माझ्या हातातलं बीकन घेतलं, मफलरने त्यावरचा बर्फ पुसला, बटण बंद केलं. मग पुन्हा वाकून, दोन्ही हातांनी, ते माझं मला परत दिलं.